वेताळाला कपाटात जागा हवी

यंदा दिवाळीच्या झाडलोटीत आमच्या चिक्कडपल्लीच्या घरातील माळ्यावरची जुनी ट्रंक खाली उतरली आणि तिच्यातून इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांचा एक गठ्ठा निघाला. पाने पिवळी पडलेली, काहींची मुखपृष्ठे गेलेली. रद्दीत घालणे जिवावर आले, म्हणून मी तो शहरातील आपल्याच एका वाचनालयाला देऊ केला. तेथील गृहस्थांनी अंक हातात न घेताच सांगितले, ‘‘ही चित्रांची चोपडी. हे वाङ्मय नव्हे. शिवाय परक्यांचे उष्टे.’’ मला राग आला नाही, कारण हेच उद्गार मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकले होते. परंतु ते मला पटत मात्र नाहीत. का पटत नाहीत, ते येथे सांगतो.

हा वेताळ मूळचा अमेरिकेचा. ली फॉक या लेखकाने १९३४ साली जादूगार मँड्रेक आणि १९३६ साली हा मुखवटेधारी वीर वर्तमानपत्री चित्रमालिकांत आणला. आपल्याकडे तो प्रथम ‘इलस्ट्रेटेड वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकातून आला. पुढे मार्च १९६४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले, मराठीसह अनेक देशी भाषांत ते निघू लागले आणि १९९० मध्ये बंद पडले.

नावाचेच पाहा. फिनलंडमधील वाचक याच वीराला ‘मुस्तानामिओ’ म्हणतात. त्याचा अर्थ नुसता ‘काळा मुखवटा’. बंगाल्यांनी त्याला ‘अरण्यदेव’ केले. मराठीत मात्र तो ‘वेताळ’ झाला. ज्याला विक्रमाच्या खांद्यावर बसलेला आपण ओळखतो, ज्याला गोव्यात गावचे दैवत म्हणून पुजतात, ज्याच्या नावाची टेकडी पुण्यात आहे, त्या वेताळाचे नाव मिळताच हा परदेशी पाहुणा आपल्या घरचा झाला. ही उष्टे खाणाऱ्याची करामत नव्हे. भाषेवर पकड असणाऱ्याचे हे काम आहे.

पकड लागतेच. चित्रांतील फुगा काही लांबरुंद करता येत नाही. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतरही अधिक लागते. तेव्हा वाक्य आखूड, क्रियापद नेमके आणि शब्द बोलण्यातला हवा. नेमके असेच वाक्य अडखळत वाचणाऱ्या मुलाला पेलते. एखादा शब्द अडला, तर शेजारचे चित्र त्याला हात देते. हे काम करणाऱ्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत?

आता आमच्या शहराची गोष्ट. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झाले. आमच्या आजोबांचे शिक्षण उर्दूत, दप्तरातली भाषा उर्दू. मराठी त्यांना आली ती घरी वाचल्या जाणाऱ्या ‘पांडवप्रताप’ आणि ‘हरिविजय’ या पोथ्यांतून. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही येथेच राहिलो. विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी पुष्कळांना आधार दिला, हे खरे. पण माझ्यासारख्या अनेकांची शाळा इंग्रजी आणि खेळगडी तेलुगू. पोथीची गोडी लागण्याचे वय नव्हते. अशा वेळी मला मराठी अक्षर वाचायला लावले ते वेताळाने. पुढे इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयातून कादंबऱ्या आणू लागलो, तो याच पायरीवरून चढून.

या कथांत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. जंगलातील काळ्या लोकांचे रक्षण पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्याच कुळाने करावे, ही कल्पना आज खुपते, आणि खुपलीच पाहिजे. मूळ कथेत चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ आणि देशाचे नाव ‘बंगाली’ होते; आपल्याकडे छापताना त्यांचे ‘सिंगा’ आणि ‘डेंकाली’ करावे लागले, यावरून येथील प्रकाशकांनाही ती टोचणी जाणवली असावी. पण दोष आहे म्हणून पुस्तक कपाटाबाहेर ठेवायचे, तर किती पुस्तके आत राहतील? दोष मुलांना जवळ बसवून सांगता येतो. जे मूल मराठी वाचतच नाही, त्याला काय सांगणार?

खरी चिंता हीच आहे. माझा दहा वर्षांचा नातू मराठी उत्तम बोलतो. शाळेत इंग्रजी, तेलुगू आणि हिंदी वाचतो. हिंदीमुळे अक्षरे त्याला ओळखीची. पण मराठी पुस्तक पुढे केले की, ‘‘आजोबा, तुम्हीच वाचा ना,’’ म्हणतो. वाचनालयाने नाकारलेला गठ्ठा घरी आला त्या रात्री त्याने एक अंक उचलला. पहिले पान लावायला त्याला दहा मिनिटे लागली. ‘‘मुखवटा म्हणजे मास्क ना?’’ असे त्याने विचारले. मी हो म्हटले आणि पुढे काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच त्याने दुसरा अंक मागितला.

वेताळाच्या गोष्टीत बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि लोक समजतात, वेताळाला मरण नाही. परमुलखात भाषेचेही तसेच असते. कोणीतरी पुढे होऊन ती घ्यावी लागते. आमच्या घरी ती कधी पोथीतून आली, कधी चित्रांतून. दार लहान की मोठे, हे पाहण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. आपल्या वाचनालयांनी मुलांसाठी एक खालचा कप्पा राखावा, त्यात असे अंक ठेवावेत आणि ते हाताळून फाटले तर आनंद मानावा. माझा गठ्ठा अजून तयार आहे. मात्र नातवाचे वाचून झाल्यावरच तो देईन.