ताप येण्याआधी नाव घाला

बेंगळुरातल्या कोणत्याही दवाखान्यात पहिल्यांदा गेलं की काउंटरवरून ठरलेला प्रश्न येतो, ‘होस पेशंटा, हळे पेशंटा?’ नवे की जुने? शहरात दहा-दहा वर्षं काढलेली, इथंच घर घेतलेली, मुलं शेजाऱ्यांशी फर्डं कन्नड बोलणारी मराठी माणसंसुद्धा या प्रश्नाला बिनदिक्कत ‘होस’ म्हणतात. त्यात खोटं काही नसतं. ताप आला तेव्हा ऑफिसजवळचा दवाखाना, दाढ दुखली तेव्हा कुणीतरी सांगितलेला दंतवैद्य, छातीत धडधडलं तेव्हा विम्याच्या यादीतलं पहिलं मोठं रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी नवा फॉर्म, नवा यूएचआयडी, म्हणजे रुग्ण-ओळख क्रमांक. पाकिटात चार रुग्णालयांची चार कार्डं असतात आणि त्या चौघांचा आपसात काही पत्रव्यवहार नसतो. माणूस चारही ठिकाणी नवाच.

पुण्यात, सांगलीत, बेळगावात ही वेळ सहसा येत नाही. तिथं ‘आपले डॉक्टर’ असतात. त्यांनी आजोबांचा दमा पाहिलेला असतो, नातवाला सल्फाची गोळी दिली की अंगावर गांधी उठतात हे त्यांच्या ध्यानात असतं, आणि फी विचारली तर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतात. त्या घराण्याचं नाव कोणी कुठल्या वहीत रीतसर नोंदवलेलं नसतं. दोन पिढ्यांच्या येण्या-जाण्यातून ते नोंदलं गेलेलं असतं. नोकरीसाठी बेंगळुरात आलेला माणूस भांडीकुंडी, गॅसचं कनेक्शन, मुलांचे दाखले सगळं हलवतो. हे मात्र मागं राहतं, आणि राहिल्याचं पहिल्या मोठ्या दुखण्यापर्यंत लक्षातही येत नाही.

ब्रिटनमध्ये असलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न वेगळ्या पद्धतीनं भेटतो. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली आणि तेव्हापासून घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे सामान्य डॉक्टरांच्या केंद्रात, नाव नोंदवणं ही तिथल्या जगण्याची पहिली पायरी आहे. शिकायला गेलेली मुलंसुद्धा नव्या गावी पोचल्यावर तो फॉर्म भरतात. नोंदणीला पैसे पडत नाहीत, ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नसला तरी तेवढ्यावरून नाकारता येत नाही, आणि नकार द्यायचाच तर केंद्राला कारण लेखी द्यावं लागतं. एरवी तज्ज्ञाकडे जाण्याचा रस्ताही जीपीच्या चिठ्ठीतून जातो. भेटीची वेळ मिळायला किती दिवस लागतात याच्या तक्रारी तिथल्या नातेवाइकांकडून सगळ्यांनीच ऐकल्या असतील. पण ‘तुमचे डॉक्टर कोण’ या प्रश्नाला तिथं प्रत्येकाकडे उत्तर असतं.

भारतात असं उत्तर सरकारनं ठरवून दिलेला एक मोठा वर्ग आहे, तो म्हणजे कामगार राज्य विमा योजनेतला कामगार. १९४८ च्या कायद्यानं आलेली ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं कुटुंबही येतं. बेंगळुरातल्या पीण्या भागातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या कितीतरी तरुणांच्या पगारातून दरमहा ही वर्गणी कापली जाते. त्यांच्या नावावर एक ईएसआय दवाखाना लावलेला असतो आणि पुढची चिठ्ठी राजाजीनगरच्या किंवा इंदिरानगरच्या ईएसआय रुग्णालयाची मिळते. अडचण एवढीच की खोली बदलली, नोकरी बदलली तरी दवाखाना जुनाच राहतो. दवाखाना बदलून घेता येतो, घरच्यांची नावं चढवता येतात. पण ते कंपनीच्या एचआरकडे जाऊन सांगावं लागतं. पगारातून पैसे जातात आणि बायकोचं नाव कार्डावरच नाही, असं मात्र होऊ देऊ नये.

बाकीच्यांना आपले डॉक्टर स्वतः शोधावे लागतात. शोध कुठून सुरू करायचा? घरापासून. रुग्णालय कितीही नावाजलेलं असलं आणि वाटेत सिल्क बोर्डचा चौक असला, तर संध्याकाळी सातला एकशे तीन ताप असलेल्या मुलाला घेऊन तिथं पोचणं काय असतं हे बेंगळुरकराला वेगळं सांगायला नको. चालत किंवा रिक्षानं दहा मिनिटांत गाठता येईल असा एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर हा पहिला निकष. २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना (केपीएमई) कायद्यानुसार कर्नाटकातल्या प्रत्येक खासगी दवाखान्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. केपीएमईचं ते प्रमाणपत्र आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला हवा. या दोन गोष्टी बघायला अर्धा मिनिट लागतो आणि बोगस डॉक्टरच्या हाती सापडण्याचा धोका बराच कमी होतो.

सरकारी पर्याय अजून पुष्कळ मराठी घरांच्या हिशेबात नाही. डिसेंबर २०२२ पासून राज्यात ‘नम्म क्लिनिक’ सुरू झाली आणि बेंगळुरात तेव्हाच्या २४३ प्रभागांत प्रत्येकी एक अशी ती योजना होती. तिथं तपासणी, प्राथमिक चाचण्या आणि औषधं मोफत मिळतात. रक्तदाब आणि साखर दरमहा बघून घ्यायला, मुलाचा साधा ताप-खोकला दाखवायला हे दवाखाने चांगले. आता महापालिकाच एकाच्या पाच झाल्यानं प्रभागांच्या सीमा बदलल्या आहेत. त्यामुळे आपल्या भागातलं क्लिनिक कुठं आहे ते एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहिलेलं बरं.

डॉक्टर ठरले की पहिली भेट बरं असताना घ्यावी. ही सूचना अनेकांना विचित्र वाटेल. काही दुखत नाही, खुपत नाही, मग फी भरून डॉक्टरांकडे कशाला? कारण फॉर्म नीट भरायला तेव्हाच डोकं ठिकाणावर असतं. तापानं फणफणलेल्या माणसाला रक्तगट आठवत नाही आणि आईची शस्त्रक्रिया कोणत्या साली झाली हे तिच्या मुलाला रात्री अकराला सांगता येत नाही. शांतपणे सांगायच्या गोष्टी या: कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, कोणती औषधं रोज चालू आहेत, आधी कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, घरात मधुमेह, हृदयविकार, दमा कोणाला आहे, आणि अडीअडचणीला कोणाला फोन करायचा.

औषधांबाबत एक काळजी घ्यावी. पुण्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली कंपनीची नावं इथल्या मेडिकलमध्ये मिळतीलच असं नाही. त्यामुळे गोळीच्या पट्टीवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम कागदावर उतरवून न्यावं. रिकामी पट्टीच खिशात टाकली तरी चालेल. नव्या डॉक्टरांना ‘ती गुलाबी, छोटी, सकाळची’ या वर्णनापेक्षा ती कितीतरी उपयोगी.

नावाचा घोळ हा खास मराठी माणसाच्या वाट्याला येणारा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असा तीन डब्यांचा प्रवास. इकडे आद्याक्षर आणि नाव एवढ्यावर भागतं. काउंटरवरची मुलगी घाईत मधलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकते, आडनावाचं आद्याक्षर करते, आणि सहा महिन्यांनी विम्याची कॅशलेस मंजुरी ‘नाव जुळत नाही’ म्हणून अडकून पडते. माहेरच्या नावाचं आधार आणि सासरच्या नावाची पॉलिसी असेल तर विचारूच नका. नोंदणीची पावती हातात पडली की तिथंच उभं राहून नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर आधारकार्डाशी ताडून पाहावा. दुरुस्ती त्या क्षणी चुटकीसरशी होते, नंतर अर्ज लागतो.

आपले डॉक्टर असण्याचा खरा उपयोग कळतो तो पावसाळ्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केलं. या आजाराची तपासणी दिवसांच्या हिशेबावर चालते. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-१ ही चाचणी उपयोगी, त्यानंतर आयजीएम. ताप उतरला म्हणून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, नेमके तेच एक-दोन दिवस धोक्याचे असू शकतात. ताप पहिल्या दिवशी पाहिलेल्या डॉक्टरांच्या हाती आधीचे आकडे असतात. प्लेटलेट्स आणि रक्ताचा घट्टपणा कालच्यापेक्षा किती बदलला हे ते सांगू शकतात. तिसऱ्या दिवशी तिसरा दवाखाना गाठणाऱ्याच्या बाबतीत प्रत्येक डॉक्टर आपल्या ‘पहिल्या दिवसा’पासून मोजायला लागतो.

मराठी घरांत ‘नाव घालणं’ हा शब्दप्रयोग एका बाबतीत अजून टिकून आहे. दिवस गेल्याचं कळलं की पहिली चौकशी होते, ‘कुठं नाव घातलंय?’ म्हणजे नोंदणीची सवय आपल्याला नाही असं नाही. ती बाळंतपणापुरती उरली आहे. इथं राहणाऱ्या मुलींना पहिल्या बाळंतपणाला माहेरी न्यायची रीतही आहे, आणि त्यात एक खाच आहे. सहा-सात महिने तपासणी बेंगळुरात होते, पुढचं सगळं नाशिकला किंवा साताऱ्याला. कर्नाटकात गरोदर बाईला ‘तायी कार्ड’ मिळतं. त्यावर रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं यांच्या तारीखवार नोंदी असतात. ते कार्ड आणि सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट ओटीच्या साडीआधी बॅगेत गेले पाहिजेत. माहेरच्या प्रसूतिगृहातही सातव्या महिन्यापर्यंत नाव घालून ठेवावं. बाळ-बाळंतीण परत आल्यावर लसीकरणाचं कार्ड इथल्या डॉक्टरांना दाखवलं की पुढची लस कुठल्या तारखेला, हे तेच सांगतात.

या सगळ्यापासून दूर राहिलेला एक मराठी समाज शहराच्या मध्यभागी आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले गलाईवाले बेंगळुरातही आहेत. नगरथपेठेच्या आसपासच्या गल्ल्यांत त्यांची दुकानं दिसतात. छोट्या खोलीत भट्टी, कोळसा, नत्राम्लाची तपकिरी वाफ. विमा बहुतेकांना नाही, एचआर तर नाहीच. खोकला महिनाभर राहिला तरी मेडिकलमधून बाटली आणली की भागतं. जवळच व्हिक्टोरिया रुग्णालय आहे. १८९७ मध्ये पायाभरणी झालेलं आणि ८ डिसेंबर १९०० ला लॉर्ड कर्झनच्या हस्ते उघडलेलं. तिथं नाममात्र पैशांत ओपीडीची चिठ्ठी निघते. ती काढताना आपण काय काम करतो हे डॉक्टरांना न विचारता सांगावं. ‘धंदा’ एवढंच लिहिलं तर कपड्याचं दुकान आणि आम्लाची वाफ यांत तपासणाऱ्याला फरक कसा कळणार?

‘आभा’ क्रमांकाविषयी बराच गैरसमज आहे, म्हणून थोडक्यात. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हा चौदा आकडी ओळख क्रमांक आहे. तो विमा नाही. पाच लाखांच्या आयुष्मान योजनेचं कार्ड वेगळं, हा क्रमांक वेगळा. ज्या रुग्णालयांत सोय आहे तिथं काउंटरवरचा क्यूआर कोड मोबाइलनं टिपला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन नंबर येतो, म्हणजे रांगेचा वेळ वाचतो. रिपोर्ट या क्रमांकाला जोडता येतात आणि आपली संमती असेल तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. मात्र कोपऱ्यावरचा प्रत्येक दवाखाना अजून त्यात नाही. रुग्णालयात भरती झालेल्याचे कागद तीन वर्षं जपणं आणि मागितल्यास ७२ तासांत देणं हे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ओपीडीची चिठ्ठी मात्र आपल्याच हातात असते. ती हरवली की बहुतेक ठिकाणी विषय संपला. कागदी फाइल अजून मोडीत काढू नये.

शेवटचा मुद्दा आई-वडिलांचा. दिवाळीनंतर चार महिने मुलाकडे आणि मग परत गावी, असे ज्येष्ठ इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत असतात. ‘आमचे पुण्याचे डॉक्टर फोनवर सांगतात’ हा त्यांचा ठाम युक्तिवाद. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी फोनवरच्या सल्ल्याला रीतसर मान्यता दिली आहे, आणि जुन्या रुग्णाची चालू औषधं पुढं लिहून द्यायला तो मार्ग उत्तमच आहे. पण पोटाला हात लावून बघणं, छातीला नळी लावणं फोनवर होत नाही. आल्या आठवड्यातच त्यांना इथल्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन, पुण्याच्या फाइलची झेरॉक्स देऊन यावं. १०८ ही रुग्णवाहिका सेवा राज्यभर आहे. घराचा पत्ता आणि जवळची खूण कन्नडमध्ये लिहून फ्रिजवर चिकटवली तर घरी एकट्या असलेल्या आजींनाही तो फोन करता येईल.

सभासदांकडून कार्यालयात नेहमी विचारणा होते ती मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांची. म्हाताऱ्या माणसाला दुखणं स्वतःच्या भाषेत सांगता यावं, ही अपेक्षा रास्त आहे. पण मराठी डॉक्टर व्हाइटफील्डला आणि पेशंट केंगेरीला असेल तर त्या यादीचा काय उपयोग? म्हणून पुढच्या अंकासाठी यादी भागवार करायची आहे: जयनगर, मल्लेश्वरम, मारतहळ्ळी, येलहंका, इलेक्ट्रॉनिक सिटी असे गट. डॉक्टर मराठीच असले पाहिजेत असं नाही. हिंदी समजणारे, आजोबांना ‘कूत्कोळ्ळी’ म्हणून आधी बसवणारे आणि पाच मिनिटं ऐकून घेणारे कन्नड डॉक्टरही त्यात हवेत. सभासदांनी आपल्या डॉक्टरांचा भाग, दवाखान्याच्या वेळा, सुटीचा वार, नवे पेशंट घेतात की नाही आणि ज्येष्ठांसाठी जिना की लिफ्ट, एवढं लिहून पाठवावं. पाठवण्याआधी डॉक्टरांची परवानगी मात्र जरूर घ्यावी.