'संकरा'चा उत्सव आणि चिनी-कॅरिबियन साहित्य

उत्तर-वसाहतवादी समीक्षेने 'हायब्रिडिटी' ही संज्ञा इतकी सैल केली आहे, की आई-वडील दोन भिन्न वंशांचे असले म्हणजे लेखकाची रवानगी थेट 'तिसऱ्या अवकाशा'त होते. होमी भाभांच्या 'द लोकेशन ऑफ कल्चर' (१९९४) या ग्रंथात ही संज्ञा मुख्यतः वासाहतिक अधिकारवाणीतील अंतर्विरोधांशी निगडित आहे. रक्तमिश्रणाचा गौरव तीत अभिप्रेत नाही. तरीही चिनी-कॅरिबियन लेखन याच गौरवाच्या अंगाने वाचले जाते. हे वाचन त्या साहित्यावर अन्याय करणारे आहे.

हे मिश्रण मळ्यांच्या अर्थकारणातून घडले. चिनी मजुरांचा पहिला गट १८०६ मध्ये त्रिनिदादला आणला गेला. गुलामगिरी संपल्यावर, १८५३ पासून, ब्रिटिश गयानाच्या ऊसमळ्यांवर करारबद्ध चिनी मजूर येऊ लागले. त्यांत पुरुषच बहुसंख्य होते. करार संपल्यावर अनेकांनी दुकाने थाटली, स्थानिक स्त्रियांशी संसार मांडले. दुकानदार आणि उधारीवरचे गिऱ्हाईक या दोन्ही बाजू अशा रीतीने एकाच घरात आल्या.

जॅन लो शाइनबोर्न यांच्या 'द लास्ट इंग्लिश प्लांटेशन' (१९८८) या कादंबरीतील बारा वर्षांची जून भारतीय-चिनी घरातली आहे. शिष्यवृत्ती मिळताच तिच्या जुन्या मैत्रिणी दुरावतात. मळ्यावर मजुरांचा संघर्ष पेटलेला असतो, ब्रिटिश सैन्य येते, आणि मुलगी 'कुली' बायकांसारखी होईल ही आईला धास्ती. येथे वंश, मजुरी व इभ्रत एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. केरी यंग यांच्या 'शो मी अ माउंटन' (२०१६) मधील फे हिचे वडील श्रीमंत चिनी, तर आई कृष्णवर्णीय. संपत्तीने घरातील वर्णभेद मिटत नाही. हॅना लो यांच्या 'चिक' (२०१३) मधील वडील चिनी-कृष्णवर्णीय जमैकन, लंडनमध्ये जुगारावर जगणारे. मुलगी मात्र लोकांच्या नजरेत गोरी. एका पिढीत पडलेले हे अंतर 'तिसऱ्या अवकाशा'त कोठे बसवायचे?

मिश्रतेमुळे वंशशुद्धीची कल्पना खिळखिळी होते, असा यावर प्रतिवाद होईल. तो खरा आहे. पण अपुरा आहे. मराठीत तर ही अडचण अधिकच तीव्र होते, कारण येथे 'हायब्रिडिटी'साठी 'संकर' हा शब्द योजला जातो. गीतेच्या पहिल्या अध्यायात वर्णसंकर कुळाला नरकात नेतो. संकरित ज्वारीच्या काळात हाच शब्द भरघोस पिकाची हमी ठरला. शाप आणि हमी या दोन्ही अर्थांत लक्ष बीजावर असते. ते कोणाच्या जमिनीत, कोणाच्या सत्तेखाली आणि कोणाच्या श्रमावर वाढले, हा प्रश्न दोन्हीकडे गैरहजर राहतो. जुन्या निंदेच्या जागी नवी स्तुती आणून समीक्षा पुढे सरकत नाही. जूनच्या आईला मुलीविषयी वाटणारी धास्ती कोणत्या सामाजिक हिशेबातून येते, हे सांगता आले तरच 'संकर' ही समीक्षेची संज्ञा ठरेल. एरवी ती नुसते बिरुद राहील.