क्योतोतही पनीरच?

नागपूरहून आईबाबांना घेऊन जपानला गेले. क्योतोतही टूरवाल्यांनी रोज पनीरच वाढलं आणि बसमधले सगळे खूश! म्हणे, 'कच्चा मासा कोण खाईल?' अहो, बौद्ध मठांतलं शोजिन र्‍योरी शेकडो वर्षं मांस-मासळीविनाच शिजतंय. एका दुपारी आम्ही तिघं ते जेवलो. तिळाचं गोमा-दोफू चाखून आई म्हणाली, 'दिसतंय खरवस, लागतोय तीळ!'

आपल्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानच्या नोरिको ओगावांच्या देणगीतून १९९९ साली उभं राहिलं. तिथे आपण सेल्फी काढतो, जपानी ताटाला मात्र नाक मुरडतो. उद्या जपानी पाहुण्याने आपले तर्री-पोहे न चाखताच बॅगेतून नूडल्स काढले, तर? चिवडा खुशाल न्या, आम्हीही नेला होता. पण नाही म्हणायच्या आधी एक घास तरी खा.