गिझर घेण्यापूर्वी न्हाणीघर पाहा

थंडी पडू लागली की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : गिझर कोणता घ्यावा? कुणी कंपनीचे नाव विचारतात, कुणी किंमत. चाळीतली मोरी सोडून म्हाडाच्या किंवा पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेल्या कितीतरी कुटुंबांना आतून कडी लावता येईल असे न्हाणीघर प्रथमच मिळाले आहे. तांब्याचा बंब केव्हाच मोडीत गेला. लहान मुले पायांत घुटमळत असताना उकळत्या पाण्याचे पातेले उचलून मोरीपर्यंत न्यायचे, हे आता कुणालाच नको आहे. त्यामुळे गिझरला आम्ही चैन मानत नाही. मात्र कंपनीचे नाव शेवटी पाहावे. आधी न्हाणीघरात हवा कुठून येते, वायर कशी आहे आणि घरात आंघोळीला माणसे किती, हे पाहावे.

गॅस गिझर पुष्कळांना आवडतो. आकाराने लहान, बादली चार-पाच मिनिटांत भरते, वीज गेली तरी चालतो. पण हे यंत्र म्हणजे भिंतीवर टांगलेली शेगडीच आहे, आणि कडी लावलेल्या लहानशा खोलीत शेगडी पेटवून कुणी बसत नाही. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. सिलिंडरमधील गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो, म्हणून गळती कळते. हा वायू मात्र कळत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते, मळमळते. पायांतले बळ गेल्यावर कडी काढण्याइतकाही त्राण उरत नाही. बाहेर घरच्यांना वाटते, नळ चालू आहे, आंघोळ चालली आहे. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचाव्या लागतात आणि त्यांत तरुण मुले-मुलीही असतात.

दुकानदार म्हणतात, एक्झॉस्ट पंखा लावा म्हणजे झाले. आम्हांला हे पटत नाही. वीज गेली की पंखा थांबतो. गिझर मात्र सेलवर पेटतो, तो चालूच राहतो. तेव्हा गॅस गिझर घ्यायचाच असेल तर तो आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवावेत आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत आणावा. गॅलरी नसेल तर गॅस गिझर घेऊ नये. ज्यांच्या न्हाणीघरात तो आधीच आहे, त्यांनी बाहेर हलवेपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. कुणी आत बेशुद्ध आढळल्यास दार उघडून त्या माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि दवाखान्यात पोहोचताच 'न्हाणीघरात गॅस गिझर होता' हे डॉक्टरांना सांगावे. हे एक वाक्य उपचाराची दिशा ठरवते.

आता विजेचा गिझर. ३ लिटरचा 'इन्स्टंट' स्वस्त असतो आणि स्वयंपाकघरातील भांड्यांना ठीक आहे. पण ३००० वॉटच्या अशा गिझरमधून कोमट पाण्याची २० लिटरची बादली भरायला मुंबईसारख्या ठिकाणी सात मिनिटे तरी लागतात. नागपूर-नाशिकच्या थंडीत दहा-बारा मिनिटे. सकाळी शाळा आणि कामाची घाई असलेल्या पाच माणसांच्या घरात याने भांडणे होतील.

१५ लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत तापवून त्यात गार पाणी मिसळले की साधारण पावणेदोन बादल्या आंघोळीचे पाणी मिळते. २००० वॉटच्या गिझरला त्यासाठी वीसेक मिनिटे लागतात आणि अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज. चौघांहून अधिक माणसे असतील तर २५ लिटरचा घ्यावा. पेटीवरचे तारे तापलेले पाणी टाकीत किती ऊब धरून ठेवते ते सांगतात. पण दिवसभर बटण चालू ठेवले तर पाच तारेही बिल वाचवणार नाहीत. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, ही सवय मुलांना लावावी. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच कातडी भाजते.

वायरिंगवर काटकसर करू नये. गिझरला १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट हवे. दिव्याच्या बोर्डावरून वायर ओढणे म्हणजे आग मागवणे. अर्थिंग आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, कारण तीन भोकांचे सॉकेट असले म्हणजे मागे अर्थिंगची तार असतेच असे नाही. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी मुख्य बोर्डात बसवून घ्यावे. शॉक बसू लागताच ते क्षणात वीज तोडते. गिझरवर आयएसआय चिन्ह पाहावे. टाकीखालच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब गळतात, ते गळू द्यावेत. काही प्लंबर गळती म्हणून तेथे बूच मारतात. तसे कदापि करू देऊ नये, दाब वाढून टाकी फुटू शकते.

बोअरवेलचे जड पाणी असेल तर टाकीतील मॅग्नेशियमची कांडी लवकर झिजते. ती वर्ष-दोन वर्षांनी तपासून बदलली नाही तर टाकी गंजते.

भाड्याच्या खोलीत रॉड वापरणाऱ्या भगिनींनी प्लॅस्टिकची बादली घ्यावी, आणि पाणी तापले का हे पाहायला बोट बुडवण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढावी. गच्चीवरील सोलरविषयीही काही पत्रे आली आहेत. त्यात सोसायटीच्या परवानगीचा प्रश्न येतो, त्याबद्दल पुढील अंकी.