लेकुरवाळ्या घराचा सण

बुलढाणा जिल्ह्यात सणांचा हंगाम पोळ्याला उघडतो आणि दिवाळीला भरास येतो. नेमकी तेव्हाच शेतातली कामेही अंगावर येतात. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, मागोमाग मळणी आणि कपाशीची वेचणी. दिवसभर शेतात राबलेली बाई रात्री फराळाची कढई चढवते आणि दोन-तीन वर्षांचे लेकरू आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जाते. पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्सने आलेली कुटुंबे रात्रभराचा शीण घेऊन उतरतात. सणासुदीतल्या कितीतरी अपघातांचे, आजारपणांचे आणि कुरबुरींचे मूळ या ओढाताणीत असते. तरीही घरात लहान मूल असताना सण आवरता घ्यावा, असे कुणी म्हटले की तीन आक्षेप हमखास पुढे येतात.

पहिला आक्षेप अनुभवाचा. पूर्वीची लेकरे याच धामधुमीत वाढली, त्यांना काही झाले नाही, असे म्हटले जाते. पण ज्यांना काही झाले नाही तेच हे सांगायला उरतात. ज्यांना झाले त्यांची साक्ष कुणी काढत नाही. शिवाय पूर्वी एका चुलीभोवती आजी, काकू, आत्या आणि जावा असत. एकीने कढई सांभाळली तर दुसरी लेकरू सांभाळी. ते मनुष्यबळ आज फार थोड्या घरांत उरले आहे, आणि धोके मात्र नवे आले आहेत. जत्रेतल्या दिव्याच्या खेळण्यात बसवलेली गोल चपटी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि परिसरात कार्बाइडच्या पाइप-बंदुकांनी अनेक मुलांचे डोळे जायबंदी केले. कार्बाइडवर पाणी पडले की ज्वालाग्राही वायू तयार होतो. बार उडाला नाही म्हणून नळीत डोकावणाऱ्याच्या तोंडावरच तो पेटतो. मध्य प्रदेशाची हद्द या जिल्ह्याला उत्तरेकडून लागूनच आहे. आजोबांच्या काळातल्या अनुभवात या वस्तू नव्हत्या, म्हणून तो अनुभव येथे पुरावा ठरत नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा. पदार्थ कमी केले, पाहुणे कमी बोलावले, तर रीत मोडते, असे मानले जाते. खुद्द परंपरा काय सांगते ते विदर्भातल्या महालक्ष्म्यांच्या सणात पाहावे. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. अनेक घरांत त्यांच्यापुढे त्यांची बाळेही मांडतात. म्हणजे माहेरवाशीण लेकुरवाळी येते. आल्या संध्याकाळी बहुतेक घरी तिला भाजी-भाकरीचाच नैवेद्य असतो. पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्यांचा थाट दुसऱ्या दिवशीचा. प्रवास करून आलेल्या आईला आणि बाळाला आधी साधे अन्न व विसावा द्यावा, हे शहाणपण त्या रीतीतच आहे. तेव्हा आवरता सण रीतीला धरूनच होतो.

तिसरा आक्षेप आनंदाचा. एवढी काळजी घेतली तर मुलांना सणाची मजा काय राहिली, असे विचारले जाते. येथे मोठ्यांची मजा मुलांच्या नावावर मांडली जाते. दोन वर्षांच्या मुलाला सुतळी बाँबने आनंद होत नाही, दचकायला होते. निरुपद्रवी समजून त्याच्या हाती दिलेल्या फुलबाजीचे टोक सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. कायदाही मोकळीक देत नाही. फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांना बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिवाळीतल्या फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली. लहान मुलाचा आनंद ओळखीच्या मांडीत, पोटभर झोपेत आणि अंगणातल्या रांगोळीत असतो. त्याला खर्च लागत नाही, वेळ लागतो.

आक्षेप असे गळून पडल्यावर काय करावे, हे सांगणे उरते. सर्वांत आधी झोप. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास झोप लागते. सणाचे वेळापत्रक तिच्याभोवती बेतावे. अभ्यंगस्नानासाठी तान्ह्याला पहाटेच्या गारठ्यात उठवू नये. उन्हे आल्यावर न्हाऊ घालावे. पाण्याचा हीटर आणि भरलेली बादली मुलाच्या आवाक्यात ठेवू नये, कारण थोड्याशा पाण्यातही मूल बुडते.

स्वयंपाकघरात कढई चढली की लेकराची जबाबदारी एका मोठ्या माणसाने नाव घेऊन स्वीकारावी, आणि ते काम पुरुषांनीही करावे. आठ वर्षांच्या बहिणीवर ते टाकू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना चिवड्यातले अख्खे शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे काप देऊ नयेत. ते श्वासनलिकेत जातात. वर्षाखालच्या बाळाच्या जिभेला मध असलेल्या पंचामृताचे बोटही लावू नये. त्या वयात मधातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

गर्दीची ठिकाणे निवडून घ्यावीत. शेगावला ऋषिपंचमी आणि प्रकटदिन, सिंदखेड राजाला १२ जानेवारी, सैलानीला होळीची यात्रा या दिवसांत मोठा लोट असतो. तान्हे घेऊन दर्शनाला जायचे तर साधा दिवस निवडावा. दर्शनाचे पुण्य त्याने उणे होत नाही. जत्रेत न्यावेच लागले तर मुलाच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. मूल हरवल्यास जवळच्या पोलिसाला गाठावे किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे.

अपघात घडलाच तर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आधीच ठाऊक असावे. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, तूप किंवा बर्फ लावू नये. घशात काही अडकून मुलाला खोकता वा रडता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खवाट्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. वस्तू आणखी आत जाते. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावे.

दिवाळीचा पहिला दिवस वसुबारसेचा. त्या दिवशी शेतकऱ्याच्या घरात वासरासह गाईची पूजा होते. पिलाला जवळ घेऊन उभ्या असलेल्या आईला पहिला मान, हा सणाचाच नियम आहे. लेकुरवाळ्या घराने तो भाऊबिजेपर्यंत पाळावा: आधी लेकरू, मग सण.