सर्व्हिस बुकात नसलेला शाफ्ट

तेलाचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, म्हणजे इंजिन वाचतं, अशी बहुतेकांची समजूत आहे. तेल कमी झालं असेल तर ती बरोबरही ठरते. पण डिझेल इंजिनात ऑइल पंपाला फिरवणारा ड्राइव्हच निकामी झाला असेल, तर दिवा लागेपर्यंत प्रेशर संपलेलं असतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत असतो आणि त्याला तरंगत ठेवणारा तेलाचा थर निघून गेलेला असतो. समृद्धी महामार्गावर शंभर-एकशेवीसच्या वेगात दिवा दिसून गाडी कडेला उभी राहीपर्यंत टर्बो जातो, मागोमाग कनेक्टिंग रॉडची बेरिंगं क्रँकला धरायला लागतात.

मी छत्रपती संभाजीनगरात इंजिनांची कामं करतो. टोचन करून आलेल्या अशा गाडीचं इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं की तळाशी बेरिंगचा चंदेरी चुरा बोटांना लागतो. पंप सोडवून हाताने फिरवावा तर छान फिरतो. त्यात काही बिघडलेलं नसतं. त्याच्यापर्यंत फिरकी पोचतच नसते.

या प्रकारातलं जगभर माहीत असलेलं उदाहरण फोक्सवॅगन समूहाच्या २ लिटर टीडीआय इंजिनांचं. २००५ च्या आगेमागे ऑडी ए-४, पसाट अशा गाड्यांत ती आली. पुढे पसाटची जुळणी आमच्याच शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात झाली. चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर कमी व्हावी म्हणून यातल्या अनेक इंजिनांत क्रँकखाली दोन बॅलन्स शाफ्ट दिले. ते क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात. पुढे गियरवर चालणाऱ्या रचनेत एका शाफ्टच्या टोकाला षटकोनी भोक ठेवलं, त्यात सुमारे ७७ मिलिमीटर लांबीचा षटकोनी दांडा, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऑइल पंप. दिसायला तो एलन कीचा सरळ तुकडाच. सगळ्या इंजिनाचं तेल या बोटभर तुकड्यावर अवलंबून.

हा दांडा भोकात घट्ट बसवलेला नसतो, नुसता सरकवलेला असतो. इंजिनाच्या प्रत्येक फायरिंगला त्याच्या कडांवर बारीक टोला बसतो. भोकात तो पुरेसा खोल गेला नसेल तर सगळा मार टोकाच्या काही मिलिमीटरवर येतो. कडा झिजतात, भोक गोल होत जातं, आणि एक दिवस दांडा जागच्या जागी घसरतो. नंतर १०० मिलिमीटरचा, जास्त खोल बसणारा दांडा आला. लांबी वाढवावी लागली, यातच काय ते आलं.

झीज ओळखणं अवघड नाही. दांडा बाहेर काढून कापडाने पुसावा आणि उजेडात तिरका धरावा. चांगल्या दांड्याच्या सहाही कडा नखाला लागतात. झिजलेल्याच्या टोकाशी प्रत्येक बाजूवर चकचकीत, उतरता पट्टा दिसतो, आणि नख कडेवरून घसरतं. मग नवा दांडा त्याच भोकात घालून हलवून बघायचा. तरीही खेळ जाणवला तर भोक गेलेलं आहे. नुसता दांडा बदलणं म्हणजे पैसे वाया. काही जण लेथवर साध्या लोखंडाचा दांडा करून बसवतात. तो आणखी लवकर झिजतो. कोणी सुचवलं तर नाही म्हणा.

माझी तक्रार झिजेबद्दल नाही. लोखंड झिजणारच. तक्रार ही आहे की टायमिंग बेल्ट कधी बदलायचा हे सर्व्हिस बुकात छापलेलं असतं, आणि ऑइल पंपाच्या ड्राइव्हबद्दल एक ओळ नसते. लिहिता येत नाही असं नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने ३ लिटर ड्युरामॅक्स डिझेलच्या ऑइल पंपाचा पट्टा दीड लाख मैलांना बदलायचा, असं लिहून दिलं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो म्हणून मालक कुरकुरले, पण त्यांना कळलं तरी! २०२० मध्ये आपल्याकडे एंडेव्हर गाडीत आलेल्या २ लिटर डिझेललाही असा पट्टा आहे आणि तो तेलातच फिरतो. अशा पट्ट्याला चुकीचं किंवा जुनं तेल मिळालं की रबर सुटतं आणि तेलाच्या जाळीत जाऊन बसतं.

आपल्याकडचा रिकॉलचा नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, पण तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता. हा ड्राइव्ह दगा देतो तो बहुधा त्यानंतर, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्यावर. दिल्लीत डिझेल गाड्यांवर दहा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिकडच्या भारी सेदान आपल्याकडे स्वस्तात मिळू लागल्या. घेणारा रंग बघतो, सीट बघतो. चेंबर कोण उतरवतो?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. प्रत्येक डिझेल इंजिनाचा ऑइल पंप कशाने फिरतो आणि तो ड्राइव्ह किती किलोमीटरला तपासायचा, हे कंपन्यांनी तिथे जाहीर करावं आणि खात्याने ते सक्तीचं करावं. गाडी कितीही जुनी असो.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. फोक्सवॅगन समूहाचं पीडी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप-इंजेक्टर असलेलं टीडीआय इंजिन असेल तर त्यांच्या ५०५.०१ मानकाचंच तेल घाला, आणि बदलायची वेळ लांबवू नका. गाडी टायमिंग बेल्टला देताना तुमच्या इंजिनाचा ऑइल पंप कशावर चालतो ते मिस्त्रीला विचारा. दांड्यावर चालत असेल तर त्याच वेळी चेंबर उतरवून घ्या. मजुरी थोडी वाढेल. दांडा स्वतः हातात घेऊन बघा, आणि झिजला असेल तर नवा बसवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.