साइट बदलली, रायफल तीच!

थोडं लांब लिहितोय आणि थोडं कडू. दादरकरांनो, ज्यांची पोरं शाळेतून नेमबाजी करतात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या चाळीतल्या एका पोराला घेऊन शालेय एअर रायफल स्पर्धेला गेलो होतो. त्याच्या वडिलांना दुकानातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका आयोजकाचा नाहीच. गट ‘ओपन साइट’. पोराच्या हातात शाळेची जुनी, नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगची रायफल. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ ॲलन की घेऊन बसलेले. मुलाच्या परदेशी मॅच रायफलची पीप साइट त्यांनी काढली, पुढची रिंग काढली आणि त्या जागी साधी खाच आणि काडी बसवली. दहा मिनिटांत आधुनिक रायफल ‘पारंपरिक’ झाली! पत्रकात अट एकच होती, साइट उघडी हवी. निकाल काय लागला ते सांगायला नकोच.

आता कुणी म्हणेल, साइट काढली म्हणजे फायदा गेला की. थोडा गेला, कबूल. उघड्या साइटमध्ये मागची खाच, पुढची काडी आणि लक्ष्य ही तीन अंतरं डोळ्याला सांभाळावी लागतात, आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट बघतो. पीप साइटच्या बारीक भोकातून बघितलं की मागची काळजी मिटते. पण बाकीचं काय? स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की आत पिस्टन धाडकन पुढे जातो. छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच रायफल हलते. मॅच रायफलीत दाबलेल्या हवेचा सिलिंडर असतो, धक्का जवळजवळ नाही. तिचा चाप बोट टेकवताच सुटतो, स्प्रिंगचा चाप ओढता ओढता नेम ढळतो. गालाची पट्टी, खांद्याची प्लेट पोराच्या मापाने पुढेमागे होते. यातलं काहीच त्या ॲलन कीने निघालं नव्हतं. एक काही हजारांत येते, दुसरी लाखांच्या घरात जाते. दोघींना एका रांगेत उभं करून आपण म्हणतो, बघा, गट एकच आहे!

‘नियमात बसतं ना?’ हा पुढचा प्रश्न. कायद्यातही बसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचं रूपांतर करायला परवाना लागतो, पण ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवानाच लागत नाही. त्यामुळे त्या गृहस्थांनी गुन्हा केलेला नाही, आणि त्यांच्या मुलाचा तर काडीचाही दोष नाही. दोष त्या पत्रकाचा आहे, ज्याला फक्त साइट दिसते.

मी रूपांतराच्या विरोधात नाही. उलट आपल्याकडे नेमबाजी घरोघरी पोचली ती रूपांतरामुळेच. एनसीसीत होता त्यांना .२२ ची नंबर दोन मार्क चार आठवत असेल. ती मुळात लढाईतली .३०३ रायफल. तिला .२२ ची नळी देऊन, एकेक गोळी हाताने भरायची केली. का? गोळी स्वस्त पडावी, धक्का कमी बसावा, कॉलेजच्या पोरापोरींना नेम शिकता यावा. ते रूपांतर दार उघडणारं होतं. आपण हल्ली करतोय ते रूपांतर दार लावणारं आहे.

कीर्ती कॉलेजचा वडापाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच कॉलेजच्या एनसीसीतून अंजली वेदपाठक, म्हणजे अंजली भागवत घडल्या, २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेल्या, हे किती जणांना ठाऊक आहे? २०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ जिंकलं तेव्हा आपण स्टेटस ठेवले, फटाके वाजवले. पुढचा स्वप्निल पहिल्याच शालेय स्पर्धेत हिरमुसून घरी गेला तर त्याचा स्टेटस कोण ठेवणार?

‘खेळात पैसा असतोच, क्रिकेटची बॅटही महाग असते.’ असते. पण गल्लीतल्या मॅचमध्ये सगळे एकाच बॅटने खेळतात ना? मग इथेही तेच करा. माझ्या मागण्या तीनच:

१. ओपन साइट गटाच्या पत्रकात साइटबरोबर रायफलचा प्रकारही लिहा. स्प्रिंगचा गट वेगळा, सिलिंडरचा वेगळा.

२. जमेल तिथे आयोजकांनीच एकसारख्या रायफली ठेवाव्यात आणि चिठ्ठी टाकून वाटाव्यात.

३. साइट बघणाऱ्या टेबलावर चापाचं वजनही बघा. त्याला फार तर मिनिट लागतं.

यात सरकारचा एक रुपया लागत नाही. लागते ती थोडी लाज.

परतीच्या गाडीत पोरगं गप्प होतं. दादर आलं तेव्हा एवढंच म्हणालं, “काका, पुढच्या वेळी माझी साइट काढली तर?” मला उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडे असेल तर कमेंटमध्ये लिहा. नाहीतर तुमच्या मुलाच्या शाळेत पुढचं पत्रक येईल तेव्हा मुख्याध्यापकांना हाच प्रश्न विचारा.